गुणाजी घाडी आणि कागदी फोन

तोंडवलीजवळच्या त्या वाडीत मागच्या जत्रेला जे घडलं, ते आठवून लोक अजून पोट धरून हसतात. फक्त गुणाजी घाडी आसपास नाही ना, एवढं आधी बघून घेतात.

जत्रेच्या सकाळी देवळात गाऱ्हाणं घालायचं काम गुणाजीचं. त्याच्या आधी ते त्याच्या बापाचं होतं, आणि त्याच्याही आधी आज्याचं. देवापुढे नारळ ठेवायचा, हात जोडायचे आणि सगळ्या गावाच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलायचं. कोण आजारी आहे, कोणाचं लग्न अडलंय, कोणाची होडी दर्यात आहे, सगळं नावानिशी सांगायचं. घाड्याने, म्हणजे गाऱ्हाणं घालणाऱ्याने, एक मागणं मागितलं की मागे उभ्या माणसांनी एका आवाजात ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. ते ‘होय’ पडल्याशिवाय मागणं देवापर्यंत पोचत नाही, अशी गावाची समजूत. घाडी कितीही चांगला बोलला तरी एकट्याने बोलून भागत नाही.

तर त्या सकाळी मंडप भरलेला होता. मुंबईहून चाकरमानी आले होते. गुणाजीने डोळे मिटले, गावच्या देवांची निम्मी नावं क्रमाने घेतली, आणि एसटीच्या स्टँडवर तीस वर्षं गाड्या पुकारून कमावलेल्या खणखणीत आवाजात म्हणाला, “तर देवा म्हाराजा, ही जी काय नेरूळची सोसायटी आसा, तेंची लिफ्ट तीन महिने बंद आसा, ती चालू होवंदे रे म्हाराजा!”

दोनशे माणसं सवयीने म्हणाली, “होय म्हाराजा!”

आधी ‘होय’ पडलं आणि मग हसू फुटलं. पुजारी हसला, पखवाजवाला हसला, मानाचा नारळ धरून उभे असलेले म्हातारे गावकरसुद्धा तोंडावर उपरणं धरून हसले. गुणाजीने कसंबसं गाऱ्हाणं पुरं केलं. पुढची नावं त्याला आठवत नव्हती. बापाच्या तोंडून ऐकत ऐकत पाठ झालेला तो क्रम साठ वर्षांत कधी तुटला नव्हता, तो तुटला. घरी येऊन तो पडवीत बसला.

एक माणूस मात्र हसलं नव्हतं. ती त्याची मुलगी रसिका. ती पुण्याला नोकरीला, नवरा ओंकारही तिथलाच. जत्रेसाठी दोन दिवस आली होती. ती बापाशेजारी बसली आणि तिने त्याचा मोबाईल हातात घेऊन पाहिला. त्रेचाळीस ग्रुप होते.

हे त्रेचाळीस ग्रुप एका दिवसात झाले नव्हते. टाळेबंदीच्या वर्षी चाकरमान्यांना गावी येता येईना, तेव्हा कोणीतरी म्हणालं, गुणाजीकाकांनू, व्हिडिओवर घाला गाऱ्हाणां. गुणाजीने नारळाला टेकवून मोबाईल उभा केला आणि डोंबिवलीच्या एका घरासाठी गाऱ्हाणं घातलं. पलीकडून ‘होय म्हाराजा’ आलं, पण रेंजमुळे एक मागणं उशिरा आलं. म्हणजे ‘पोराक नोकरी लागांदे’ याला कोणी होय म्हणालं नाही आणि ‘वायट चिंतणाऱ्याची नजर लागांदे नको’ सुरू होताहोताच जोरात होय पडलं. तरी पोराला नोकरी लागली. झालं! मग टाळेबंदी उठली तरी व्हिडिओ उठेना. कोणाचा व्हिसा, कोणाची ॲडमिशन, कोणाचं पार्किंग. देवाला लिफ्ट म्हणजे काय हे समजावून सांगायचं कामही गुणाजीवरच आलं.

आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडत होतं. बायको सुगंधा वारली त्याला तेव्हा काही महिनेच झाले होते. घरात बोलणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्याने मोबाईलला बोलू दिलं. सकाळी उठल्यापासून तो वाजायचा. कोणाचा वाढदिवस, कोणाच्या दारातली रांगोळी, कोणी कुठे जेवलं, सगळं गुणाजीला ठाऊक. स्वयंपाक करताना मोबाईल चालू, जेवताना चालू. चार वर्षांत त्याच्या डोक्यात जगभराची माणसं येऊन बसली आणि गावचे देव कोपऱ्यात सरकले.

“बाबा, हे बंद करायला हवं,” रसिका म्हणाली.

“होय गो,” गुणाजी म्हणाला. त्या दिवशी तो कशालाही होय म्हणाला असता.

महाशिवरात्रीच्या सुमारास कुरिअरने एक डबी आली. आत एक फोन होता, पण असा फोन वाडीने पाहिला नव्हता. त्याच्या काचेला उजेड नव्हता, रंग नव्हता. पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं छापल्यासारखी दिसायची आणि भर उन्हातही वाचता यायची. फोन लावता यायचा, घेता यायचा, साधा निरोप लिहिता यायचा, गजर लागायचा आणि वाटलं तर पुस्तक वाचता यायचं. फोटो नाही, व्हिडिओ नाही, ग्रुप नाहीत. एकदा चार्ज केला की आठवडाभर बघायला नको. फक्त एक खोड होती. एक अक्षर पुसून दुसरं आलं तरी पहिल्याची पुसट सावली थोडा वेळ मागे राहायची.

रसिकाने फोन करून सगळं समजावलं. “मीही हाच घेतलाय, बाबा. सारखं बघत बसायचं नाही. ठरवून बोलायचं, ठरवून बघायचं, बाकीचा वेळ आपला. मी दर रविवारी अकराला फोन करीन. दहा मिनिटं, पण नीट बोलू. आणि तुमचा जुना मोबाईल मला पाठवून द्या. घरात असला तर हात जाईल.”

गुणाजीने जुना मोबाईल स्वतःच्या हाताने कापडात गुंडाळला, त्यावर तिचा पत्ता लिहिला आणि मालवणला जाऊन कुरिअरवाल्याकडे देऊन आला. मुलीला बापाची एवढी काळजी, म्हणून येताना गाडीत त्याचे डोळे भरून आले.

वाडीत त्या फोनचं नाव कागदी फोन पडलं. गुणाजीच्या धाकट्या भावाची बायको किशोरी वरच्या आळीत राहायची आणि रोज दुपारी त्याला वाटीभर कालवण आणून द्यायची. तिने फोन उलटासुलटा केला. “भावोजी, ह्येचो रंग उडालो काय? की उन्हात ठेवलेलास?” दुकानावर एकजण म्हणाला, आता गुणाजी घाडी वर्तमानपत्राला कान लावून बोलणार. गुणाजी हसला. त्याने सगळ्यांना सांगितलं, नंबर तोच आहे, कधीही फोन करा.

पहिले पंधरा दिवस छान गेले, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याला झोप लागू लागली. जेवताना मीठ कमी आहे की जास्त ते कळू लागलं. सकाळी पडवीत बसलं की दर्याची गाज ऐकू यायची आणि ती इतकी वर्षं चालूच होती, याचं त्याला नवल वाटलं. एके दिवशी माडाच्या आळ्यात पाणी सोडताना गावच्या देवांची नावं एकामागून एक त्याच्या तोंडात आली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठे न अडता. तो नळ तसाच सोडून उभा राहिला. त्याने लगेच रसिकाला निरोप लिहिला, ‘सगळी नावे आठवली.’ दोन तासांनी उत्तर आलं, ‘खूप छान बाबा.’

मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं की फोन वाजत नाही.

फोन करायला माणसाला काहीतरी कारण लागतं; फॉरवर्ड करायला लागत नाही. ज्या त्रेचाळीस ग्रुपांत तो रात्रंदिवस होता, त्यांतल्या एकालाही त्याला फोन करण्याजोगं कारण सापडलं नाही. चाकरमान्यांनी व्हिडिओसाठी पलीकडच्या वाडीतला प्रीतम घाडी शोधला. तो तरुण होता, मागे देवळाचा फोटो लावायचा आणि कानाला माईक अडकवायचा. गुणाजीला त्याचा राग आला नाही. फक्त एकदा वाटलं, नेरूळच्या लिफ्टचं पुढे काय झालं ते तरी कोणी सांगायचं होतं.

याहून वाईट म्हणजे गावातली माणसं बदलली. तो दुकानावर गेला की चाललेलं बोलणं थांबायचं. कोणीतरी घाईने “काय गुणाजी, गरम जाता मां?” म्हणायचं आणि दुसरीकडे बघायचं. पूर्वी अर्धा तास पडवीत बसून साऱ्या वाडीची खबर देणारी किशोरी आता कालवणाची वाटी उंबऱ्यावर ठेवायची, “भावोजी, ठेवलंय हां,” म्हणायची आणि तो बाहेर येईपर्यंत आवाराचा दगडी गडगा ओलांडून गेलेली असायची. गुणाजीने मनाशी हिशोब मांडला. ग्रुपमधून उठलेला माणूस गावातूनही उठला. चुलतभावाच्या नातवाचं बारसं झालं, ते त्याला चार दिवसांनी कळलं. “ग्रुपर टाकलेला,” चुलतभाऊ म्हणाला आणि लगेच ओशाळला.

आता त्याच्याकडे एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे रविवारची दहा मिनिटं.

भिंतीवरच्या कॅलेंडरचं उलटलेलं पान त्याने फाडून घेतलं आणि त्याच्या मागे तो आठवडाभर लिहून ठेवायचा. सोमवार: झावळ पडली, कौल फुटलं. बुधवार: मोरी मासा मिळाला, सुगंधा करायची तसं त्याचं मटण करून बघितलं, जमलं नाही. शुक्रवार: काही नाही. रविवारी अकराला फोन वाजला की तो पान समोर धरून सगळं सांगायचा आणि साडेतीन मिनिटांत ते संपून जायचं. मग विचारायचा, “तुझा कसा काय?” रसिका म्हणायची, “छान, बाबा. शांत वाटतं.” तिचा आवाज बारीक झाला होता. ऑफिसातल्या एसीने घसा बसलाय, असं ती सांगायची. दहा मिनिटं झाली की “ठेवू?” विचारायची. तो ठेव म्हणायचा. फोन ठेवल्यावर तिच्या नावाची पुसट सावली काचेवर राहायची, ती जाईपर्यंत तो फोन खाली ठेवायचा नाही.

तिला आपल्याशी बोलायचा कंटाळा येतो, असं त्याला वाटू लागलं होतं, आणि ते त्याला फार लागलं होतं. मे महिन्यात ती आंब्यांना येईल म्हणून त्याने खोली झाडून घेतली, गादीला ऊन दाखवलं. ती आली नाही. प्रोजेक्ट आहे म्हणाली. त्याने आंब्यांची पेटी पाठवली. ओंकारचा निरोप आला, ‘आंबे मिळाले. गोड आहेत.’

मग तो गुरुवार आला.

गुणाजीच्या घराला लागून कार्मेलिनाचं घर. दोघांच्या मधे कमरेएवढा दगडी गडगा. कार्मेलिना सत्तरीची, तिचा नवरा गेलेला, मुलगी प्रिन्सी पुण्यात हॉस्पिटलात नर्स. त्या सकाळी ती कढीपत्त्याची पानं काढायला गडग्याशी आली आणि सहज म्हणाली, “गुणाजी, तुझ्या चेडवाक आता बरा आसा मां रे?”

“चेडवाक? तेका काय झाला?” हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते, पण तो काही बोलायच्या आतच ती पुढे सांगू लागली.

“प्रिन्सीन सांगल्यान माका. ती काम करता त्याच हॉस्पिटलात रसिका येता मां इंजेक्शनाक. तिसऱ्या खेपेक भेटली तिका. केस गेले म्हणता, पण हसून बोलली. तवापासून मी दर आयतवारी आमच्या चर्चातल्या सायबिणीकडे मेणबत्ती लायतंय. म्हटलां, तू तुझ्या देवाक सांगलंच असतलंस. तू सगळ्या जगाची गाऱ्हाणी घालतंस, तुझ्या चेडवाचा तर पयला.”

गुणाजीच्या हातात पाण्याची बादली होती. ती त्याने खाली ठेवली. “होय, कार्मेलिनबाय,” तो म्हणाला. “घातलंय गाऱ्हाणां.”

“मगे बरी होतली,” कार्मेलिना म्हणाली आणि कढीपत्ता घेऊन आत गेली.

गाऱ्हाण्याच्या बाबतीत गुणाजी घाडी पहिल्यांदा खोटं बोलला होता. तो तसाच अनवाणी किशोरीच्या घरी गेला. ती मागच्या दारी बांगडे कापत बसली होती. त्याने न बसता, न पाणी मागता विचारलं, “किशोरी, रसिकाक काय झाला?”

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि विळी आडवी केली. मासळीचे हात तसेच वर धरून ती रडायला लागली.

“माका बोलूक लावू नकास भावोजी. तिना आण घातल्यान. तुमचो मोबाईल गेल्यार फॅमिली ग्रुपर नि वाडीच्या ग्रुपर सगळ्यांका घातल्यान, बाबांका कोणी सांगल्यात तर माझी शपथ म्हणान.” पण आता ती थांबू शकत नव्हती. “जत्रेवरून गेली नि जानेवारीत कळला. छातीत गाठ. कॅन्सर. आठ इंजेक्शनां आसत, सात झाली. मगे ऑपरेशन. तुमी सुगंधावैनीच्या दुखण्यात कसे झालेलास तां तिना बघलेला. म्हणाली, बाबा परत तसे झाले तर माका बघवचा नाय.”

गुणाजी दाराच्या चौकटीला टेकला.

“आणि तो फोन?” त्याने विचारलं.

किशोरीने दंडाला डोळे पुसले. मग खाली बघून म्हणाली, “तुमी सगळ्यांचे स्टेटस बघतास मां. कोण तरी ‘लवकर बरी हो’ म्हणान टाकतलो नि तुमका कळतला. म्हणान दिल्यान. मी तुमच्याकडे बसूक येय नाय होतंय तां तेच्यामुळाच. बसलंय असतंय तर तोंडातून गेला असता.”

म्हणजे दुकानावरचं बोलणं यासाठी थांबत होतं. गाव त्याला विसरलं नव्हतं. तीन महिने साऱ्या वाडीने त्याच्यासाठी तोंड शिवून घेतलं होतं. हे कळल्यावर त्याला क्षणभर बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं याची त्याला इतकी लाज वाटली की तो तिथून वळून चालू लागला.

वाटेत त्याला सगळं एकेक करून दिसत गेलं. ते गुंडाळलेलं कापड, त्याच्या स्वतःच्या अक्षरातला पत्ता. एसीने बसलेला घसा. ‘खूप छान बाबा’ असा निरोप तिने लिहिला, त्या दिवशी ती कुठल्या खाटेवर होती कोण जाणे. आणि आपण तिला झावळीचं आणि फुटक्या कौलाचं सांगत बसलो. तिला आपला कंटाळा आलाय म्हणून रुसलो. रागही आला त्याला, मोठा राग. पण कोणावर काढायचा ते समजेना. मुलीने बापाचं वाईट चिंतलं नव्हतं. तिने बापाला जपलं होतं, आणि जपता जपता बापपणातून काढून टाकलं होतं.

घरी येऊन त्याने देवापुढे नारळ ठेवला. हात जोडले. आणि तोंडातून शब्द निघेना.

घाड्याची एक रीत आहे. ज्याचं गाऱ्हाणं, त्याने ते आपल्या तोंडाने घाड्याला सांगायचं. माणसाने न सांगितलेलं दुखणं घाडी परस्पर देवापुढे काढत नाही. कोणाचं काय झाकायचं आणि काय उघडं करायचं, ते ज्याचं तो ठरवतो. गुणाजीचा बाप या बाबतीत फार कडक होता. आणि रसिकाने तर सांगितलं नव्हतंच. कोणी सांगू नये म्हणून शपथ घातली होती. त्रेचाळीस ग्रुपांच्या लिफ्टा आणि व्हिसे देवाच्या कानावर घातलेला हा माणूस आपल्या एकुलत्या एका मुलीसाठी एक शब्द बोलू शकत नव्हता. तो तसाच उभा राहिला, मग हात खाली केले.

त्याने दोनदा फोन हातात घेतला. एकदा नंबर लावलाही आणि वाजायच्या आत तोडला. विचारलं तर ती काय म्हणणार? काही नाही बाबा, असंच म्हणणार. आजारी पोरीला आपल्यापायी आणखी एक खोटं बोलायला का लावायचं? तिनेच सांगितलं पाहिजे. रविवारी सांगेल. अजून एकच इंजेक्शन राहिलंय, पुढे ऑपरेशन आहे. ऑपरेशनच्या आधी तरी मूल बापाला सांगतंच. शुक्रवार आणि शनिवार त्याने या एका आशेवर काढले. कॅलेंडरच्या पानावर त्या आठवड्यात त्याने काही लिहिलं नाही.

रविवारी तो सकाळीच आंघोळ करून देवाच्या खोलीत पाटावर बसला. अकराला फोन वाजला.

“बाबा, कसे आहात?”

“बरो आसंय.”

“काय काय झालं या आठवड्यात?”

“काय नाय. तू सांग.”

“माझं काय, नेहमीचंच. काम.” ती थोडं थांबली. “पुढचे एकदोन रविवार फोन करायला जमेलच असं नाही. ऑफिसचं एक ट्रेनिंग आहे, बाहेरगावी. तिथे फोन ठेवू देत नाहीत. काळजी करू नका.”

“खंय आसा ट्रेनिंग?”

“हैदराबादला.”

“बरा,” गुणाजी म्हणाला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती.

मग ती आंब्यांविषयी बोलली. पावसाआधी कौलं शाकारून घ्या म्हणाली. त्याने हूं केलं. सहा मिनिटं झाली, सात झाली. मधे एकदा तिला खोकल्याची उबळ आली आणि तिने फोन लांब धरला, ते त्याला ऐकू आलं. तो वाट बघत होता. त्याला वाटत होतं, आता सांगेल. या वाक्यानंतर सांगेल. नऊ मिनिटं झाली.

“ठेवू, बाबा?”

“थांब,” तो म्हणाला. “एक मिनिट रवलां मां अजून?”

“हो, बोला ना.”

गुणाजीला साधं बोलता येईना. लोकांची मागणी बोलून बोलून त्याला फक्त एकाच पद्धतीने मागता येत होतं. तो पाटावरून उठला, फोन कानाशी तसाच ठेवून देवापुढे उभा राहिला आणि आपल्या गाऱ्हाण्याच्या आवाजात, पण हळू, बोलू लागला.

“बा देवा म्हाराजा, आज हयसर एक बापूस तुझ्या पायांकडे उभो आसा. तेका एक चेडू आसा. तेच्या चेडवाच्या जिवात काय तरी दुखता. गावाक म्हायत आसा, शेजारणीक म्हायत आसा, शेजारणीच्या सायबिणीकसुद्धा म्हायत आसा. बापाशीक तेवढा सांगूक नाय. बापाशीक तरास होतलो म्हणान चेडू गप रवला. तेच्या मनात वायट नाय, तां बापाशीक कळता म्हाराजा. पण बापूस तीन म्हयने एकलो बसलो आणि चेडू थंय एकलाच दुखणा काढता. बापाशीक तेच्यासाठी तुझ्याकडे मागूक येणा नाय, कित्याक तर चेडवान तेका सांगूक नाय. तर देवा म्हाराजा, जां काय आसा तां चेडू आपल्या तोंडान बापाशीक सांगांदे, रे म्हाराजा!”

तो थांबला. देवळात इथे एका श्वासाएवढी जागा सोडायची असते.

पलीकडे काहीच नव्हतं. फोन लागलेला होता, कुठूनतरी पंख्याची घरघर ऐकू येत होती, पण माणसाचा आवाज नव्हता. घड्याळात अकरा दहा झाले. अकरा अकरा झाले. गुणाजीला हात जोडता येत नव्हते, कारण एका हातात फोन होता. त्याला वाटलं, आपण चूक केली. पोरीला आजारपणात रडवलं. ती ठेवून देईल आणि पुढच्या रविवारी फोन यायचा नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

“होय म्हाराजा,” रसिका म्हणाली.

इतकं हळू म्हणाली की दुसऱ्या कोणाला ते ऐकू आलं नसतं. मग तिने नाक ओढल्याचा आवाज आला. “जानेवारीत कळलं, बाबा. सोळा तारखेला. मी एकटीच गेले होते रिपोर्ट आणायला.”

“होय,” गुणाजी म्हणाला आणि तिथेच देवापुढे जमिनीवर बसला.

“आधी वाटलं काही नसेल.”

“होय.”

“मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले...” तिचा आवाज तुटला. ती पुन्हा बोलू लागली आणि पहिल्या दिवसापासून सगळं सांगत गेली. मधे कुठे अडली की तो नुसतं ‘होय’ म्हणायचा आणि ती पुढचं सांगायची.